बहात्तरच्या दुष्काळावर चाळीस मिनिटं : एका भाषणाच्या आराखड्याच्या नोंदी

२ एप्रिल

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेवढ्यात वाचनालयाचे कार्यवाह आले. १ मेच्या व्याख्यानाला ठरलेले वक्ते येत नाहीत म्हणे. "तुम्ही बोला. विषय तुमचाच, वेळ चाळीस मिनिटं." माझं औषधांचं दुकान आहे. आयुष्यात भाषण केलं ते शाळेत, टिळकांवर, आणि तेही अर्ध्यात विसरलो होतो. तरी हो म्हणालो. विषय सांगितला, बहात्तरचा, म्हणजे १९७२ चा दुष्काळ. आमचा तालुका सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला, आणि वाचनालयाला येणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. विषय जवळचा, म्हणजे सोपा, असं वाटलं. पुढच्या बऱ्याचशा नोंदी या एका गैरसमजाच्याच आहेत.

गावातल्या व्याख्यानमालेत पहिल्यांदा बोलायला उभं राहणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून रोजचं लिहून ठेवतोय.

३ एप्रिल

रात्री दुकान बंद केल्यावर बिलबुकाच्या मागे पहिला आराखडा केला. चौदा मुद्दे. पर्जन्यछायेचा प्रदेश, १८७६ चा दुष्काळ, १८९६ चा, मग १९७० पासून सलग हुकलेला पाऊस, वसंतराव नाईकांचं सरकार, खडी केंद्रं, पाझर तलाव, मिलो ज्वारी, कामावर खायला मिळायची ती सुकडी, रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे, त्या हमीचा राज्याचा १९७७ चा कायदा, २००५ चा केंद्राचा कायदा, २०१६ ची मिरज-लातूर पाण्याची रेल्वे आणि शेवटी 'आजची स्थिती'. एकेकाला तीन मिनिटं, म्हणजे बेचाळीस. बसतंय की, असं म्हणून झोपलो.

६ एप्रिल

घरी तालीम. श्रोते म्हणजे आई आणि बायको. मोबाईलचं घड्याळ लावलं होतं. नवव्या मुद्द्यावर होतो तेव्हा एकाहत्तर मिनिटं झालेली. बायको मधेच उठून कुकर लावून आली, तरी मी १८९६ मध्येच होतो.

खरा दणका आईचा. बहात्तरला ती तेरा वर्षांची, आजीबरोबर खडीवर, म्हणजे दुष्काळी कामावर दगड फोडायला, जायची. मी खडी केंद्राचं वर्णन करत होतो, तेव्हा ती गप्प ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आरं, ह्ये समदं आमाला ठावंच हाय की. तू सांगतुयास कुनाला?"

उत्तर नव्हतं. १ मेला समोर निम्मी माणसं आईच्याच वयाची असणार. त्यांनी डोक्यावर घमेली वाहिली, आणि मी, ज्याचा जन्म त्यानंतरचा, त्यांनाच घमेलं म्हणजे काय ते सांगणार!

९ एप्रिल

चूक क्रमांक दोन. लोकांना ठाऊक नसलेलं कमी पडतंय म्हणून माहिती वाढवायला निघालो. मोटारसायकलवर सांगलीला गेलो, जुनी पुस्तकं आणि अहवाल चाळले, १४० पानं झेरॉक्स आणली. दुकान दिवसभर भाच्यावर. झेरॉक्सचे २८० रुपये, पेट्रोलचे ४००.

त्यातलं भाषणात किती आलं ते आत्ताच सांगून टाकतो : दोन आकडे आणि एक तारीख.

१२ एप्रिल

तीन रात्री बसून अख्खं भाषण लिहून काढलं. एक पान वाचून मोजलं, मिनिटाला साधारण १०८ शब्द पडतात. तेव्हा चाळीस मिनिटांना ४३०० शब्द, असा हिशोब धरून लिहिलं. वाचायला घेतलं तर वेळ बरोबर भरली, पण ऐकणारा कुणी टिकेना. भाचा म्हणाला, "मामा, बातम्या लागल्यासारखं वाटतंय." मान खाली, डोळे कागदावर. मान वर केली की ओळ हरवायची, ओळ शोधेपर्यंत वाक्य विसरायचं.

शिवाय लिहिताना माझी भाषाच बदलते. 'सदर कालावधीत टंचाईची तीव्रता वाढली' असलं मी दुकानात कधी बोलत नाही. गिऱ्हाइकाला 'सदर गोळी' म्हटलं तर ते गोळी ठेवून जाईल.

कागद कपाटात टाकले. नऊ तास वाया. अगदीच वाया म्हणवत नाही, कारण लिहिताना कुठला भाग मलाच नीट कळलेला नाही ते कळलं. पण तेवढ्यासाठी नऊ तास महागच.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक आमच्याच रस्त्यानं, म्हणून दुपारनंतर शटर अर्धं खाली. सीएला द्यायचे कागद आत बसून लावत होतो. फायलीत व्यवसाय कराचं चलन सापडलं. वर्षाला २५०० रुपये, दरवर्षी भरतो, दरवर्षी कुरकुरतो.

आणि परवाच्या झेरॉक्समधलं एक पान आठवलं. हा कर महाराष्ट्रात आला १९७५ च्या कायद्यानं, आणि आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. नोकरदारांनी, व्यावसायिकांनी भरायचा आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याच्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. तो एकदा विचारत होता, हे कसले? मी म्हणालो होतो, "असंच काहीतरी असतं."

चलन हातात धरून किती वेळ बसलो कोण जाणे. बाहेर ताशा चालू होता.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथं होतं. खडी कशी फोडली हे तिला ठाऊक आहे. पण त्या खडीवरून निघून विधिमंडळात कायदा होऊन माझ्या फायलीपर्यंत काय आलं, हे तिला ठाऊक नाही. मलाही आज कळलं. श्रोत्यांनी पाहिलंय तिथून सुरुवात करायची आणि त्यांना दिसलं नाही तिथं न्यायचं.

चौदा मुद्द्यांच्या जागी बिलबुकावर एक प्रश्न लिहिला : खडी फोडणाऱ्याला दाम मिळाला, पण पुढच्या वेळी तो मिळेलच याची हमी कुणी घेतली आणि पैसे कुणी भरले? आता प्रत्येक मुद्द्याला विचारायचं, तू या प्रश्नाला काय लागतोस? १८७६ काहीच लागेना. गेला. १८९६ ही गेला. पर्जन्यछाया गेली. पाण्याची रेल्वे काढताना मात्र जीव तुटला. मिरज आपलं, गाडी आपल्या डोळ्यांदेखत गेलेली, टाळ्या हमखास. पण ती गोष्ट पिण्याच्या पाण्याची, आणि माझा प्रश्न मजुरीचा. दोनदा काढली, दोनदा परत घातली, शेवटी रात्री काढली.

उरले तीन थांबे. एसटीसारखे थांबेच म्हणतो, मुद्दे म्हटलं की मी पुन्हा चौदा करीन. खडी, कायदा, कर.

१५ एप्रिल

घोडचूक वेळेवर सापडली. एक निवृत्त ग्रामसेवक बीपीच्या गोळ्या न्यायला येतात, त्यांना आराखडा दाखवला. मी लिहिलं होतं, 'बहात्तरला लोकांना रोजगार हमीवर काम मिळालं.' त्यांनी चष्मा काढला. "हमी कुठली? ती टंचाईची कामं. सरकारनं टंचाई जाहीर केली म्हणून काढली."

बरोबरच होतं. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती. त्यांच्या कल्पनेचा प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात झाला होता. पण दुष्काळात लाखो लोक राबले ते टंचाईच्या कामांवर. हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. गावात सगळे सरसकट 'रोजगार हमी' म्हणतात, मीही म्हणत आलो.

ही चूक व्यासपीठावर झाली असती तर पहिल्या रांगेतूनच कुणीतरी उठलं असतं. पण सुधारताना भाषणाचा कणाच हाती लागला. टंचाईचं काम म्हणजे सरकारनं काढलं तर आहे. हमीचं काम म्हणजे तुम्ही मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. पहिल्या थांब्यावरून दुसऱ्यावर जायचं ते या फरकावरून. तोवर माझ्याकडे थांबे होते, मधला रस्ता नव्हता. 'आता आपण कायद्याकडे वळू' असलं काहीतरी म्हणून वळणार होतो.

१८ एप्रिल

दुसरी तालीम, मारुतीच्या देवळामागच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर. अकरा-बारा जण. सुरुवातीलाच विचारलं, "कामावर कोण कोण होतं?"

संपलं. पंचवीस मिनिटं मी तोंड उघडू शकलो नाही. एकाचा मुकादम हजेरी खायचा, दुसऱ्याच्या मुकादमानं देवासारखं सांभाळलं, यावरून दोघांची जुंपली. तिसऱ्यांनी बैल विकल्याची गोष्ट सुरू केली आणि मधेच थांबले, तेव्हा सगळा कट्टा गप्प झाला. त्यानंतर मी 'तर कायद्यातील तरतूद अशी' म्हणणं शक्यच नव्हतं. चहा पिऊन आलो.

प्रश्न विचारणं चुकीचं नव्हतं, प्रश्न फार मोकळा होता. घरी आईलाच विचारलं, काय विचारू की लोक फक्त हो म्हणतील? ती म्हणाली, "मिलो खाल्ली का म्हनून ईचार." मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. आईच्या आठवणीत भाकरी थापताना तिला चिरा पडायच्या.

तेव्हा नवी सुरुवात : "मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांनी नुसता हात वर करा." बोलायला नाही, हात वर करायला सांगायचं. हात वर आले की मी सांगणार, ज्यांचे हात वर आहेत त्यांना दुष्काळ कसा होता हे मी सांगणार नाही. हे वाक्य आईचंच आहे, मी फक्त उलटं केलंय.

२१ एप्रिल

आकडे. माझ्या यादीत सत्तावीस होते. कट्ट्यावर सांगून पाहिलेले चार आकडे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतात का विचारलं. एकही नाही.

एकच मोठा आकडा ठेवायचा ठरवलं. मे १९७३ मध्ये राज्यात टंचाईच्या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. पण पन्नास लाख डोळ्यांपुढे येत नाही. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर, म्हणजे पाळण्यातलं पोर आणि खाटेवरचा म्हातारा धरून दर दहात एक माणूस कामावर. सभागृहात दहा-दहा खुर्च्यांच्या रांगा असतात. प्रत्येक रांगेतल्या पहिल्या माणसाला उभं राहायला सांगायचं : "हे उभे आहेत ते सगळे खडीवर." यावर मी खूश. जरा जास्तच.

२४ एप्रिल

कागदाऐवजी कार्डं. औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा कापून पोस्टकार्डाएवढे नऊ तुकडे केले. एका कार्डावर सहा शब्दांपेक्षा जास्त नाही. उदाहरणार्थ तिसरं कार्ड : 'सुकडी — आई — रांग — काढलं तर काम'. बाकीचं तोंडात. एखादं कार्ड पाहूनही तोंडात येत नसेल तर तो भाग मला येत नाही, पुन्हा वाचायचा.

फॅनखाली टेबलावर मांडली आणि फॅन लावला. क्रमांक घातले नव्हते. उचलून लावायला बसलो तर पाचवं आणि सातवं कुठलंही कुठंही बसतंय. म्हणजे दोन्ही एकच गोष्ट सांगत होते, पागे यांच्याबद्दलच्या कौतुकाची. एक फाडलं. आता आठ कार्डं, क्रमांक लाल मार्करनं, कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवला. मार्कर ४० रुपये.

त्याच दिवशी एक मूर्खपणाही केला. घटनाक्रमाचा सहा बाय चारचा फ्लेक्स करून घेतला, ७२० रुपये. त्यावर १८७६ पण आहे. काढून टाकलेलं सगळं मागच्या दारानं फ्लेक्सवर आलं.

२७ एप्रिल

प्रत्येक कार्डाच्या मागे दोन गोष्टी लिहिल्या. इथं पोचल्यावर घड्याळात किती वाजलेले हवेत, आणि वेळ कमी पडला तर हे कार्ड जाईल की राहील. जाणाऱ्यांवर कात्रीची खूण. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्याला कात्री आहे. पहिलं, तिसरं, पाचवं, आठवं कुठल्याही परिस्थितीत राहणार. सातवं नंतर ठरवू म्हणून सोडलं. (सोडायला नको होतं.)

शेवट आधी ठरवला, तो चलनाचा. व्यवसाय कराचं खरं चलन खिशातून काढून दाखवायचं आणि सांगायचं, हे मी दरवर्षी भरतो. मग खाली बसायचं. बायको म्हणाली, "अहो, पुढे 'म्हणून मित्रांनो' वगैरे काही नको?" नको. ते म्हटलं की लोक पिशव्या उचलायला लागतात.

तालीम तिसरी, बंद दुकानात, कपाटातल्या बाटल्यांसमोर. अडतीस मिनिटं.

३० एप्रिल

संध्याकाळी सभागृह बघून आलो. माईक एकच, स्टँडवरचा. म्हणजे हात मोकळे, पण हलता येणार नाही. पोडियमवर दिवा नाही, सहाच्या पुढे कार्डं दिसणार नाहीत. अक्षरं घरी येऊन मार्करनं पुन्हा जाड केली. फ्लेक्स लावायला भिंतच नाही, तिथं देणगीदारांची नावं आहेत. मनातल्या मनात देणगीदारांचे आभार मानले.

१ मे

साडेपाचचा कार्यक्रम, सुरू झाला सहा दहाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाच जणांचे सत्कार, मग माझा परिचय. परिचय करून देणाऱ्यांनी माझा उल्लेख 'दुष्काळाचे गाढे अभ्यासक' असा केला, आणि पहिल्या रांगेतली आई मोठ्यानं हसली. मी उभा राहिलो तेव्हा सात वाजायला पाच कमी. हातात चिठ्ठी आली : 'साडेसातला संपवा, नंतर अल्पोपाहार.'

म्हणजे पस्तीस. ते चाललं असतं. पण चार मिनिटांत वीज गेली. जनरेटर चालू होईपर्यंत सात गेली. राहिली चोवीस.

इथं कात्रीनं वाचवलं. विचार करायचा नव्हता, खूण असलेली तीन कार्डं दोऱ्यावरून पलटली आणि पुढं गेलो. हे महिनाभरापूर्वी असतं तर मी भराभरा बोलून सगळं बसवायला गेलो असतो.

हात वर करण्याचं छान झालं. शंभरएक लोकांत साठ-पासष्ट हात, आणि आईचे दोन्ही. वीज गेली ती नेमकी त्यानंतर. अंधारात मी थांबलो, पण लोक आपापसांत मिलोवरच बोलत होते. दिवे आले तेव्हा सभागृह तापलेलं होतं.

रांगांचं मात्र पार फसलं. मंडपवाल्यानं खुर्च्या दहाच्या ऐवजी चौदाच्या रांगेत लावल्या होत्या, मी काल पाहिल्या तेव्हा त्या एकावर एक रचलेल्या होत्या. प्रत्येक रांगेतला पहिला उभा राहिला तो चौदात एक. मी ते सुधारायला गेलो, "नाही, दहावा… म्हणजे तुमच्या पुढचे चार सोडून…" दोन मिनिटं गेली आणि तिसऱ्या रांगेत दोघे उभे राहिले. सोडून दिलं. तोंडी 'दहात एक' म्हटलं असतं तरी कळलं असतं.

सातव्या कार्डाचं ठरवलेलं नव्हतं, ते आयत्या वेळी टाकलं. त्यावर मजुरी मोजमापावर कशी ठरायची ते होतं. आणि प्रश्नोत्तरांत पहिलाच प्रश्न एका मुलाचा, "मजुरी कोण ठरवायचं?" उत्तर दिलं, पण लंगडं. कार्ड खिशात होतं.

चलन दाखवलं तेव्हा दोन क्षण कुणी काही बोललं नाही. मी खाली बसलो. टाळ्या जरा उशिरा आल्या, भाषण संपलं हे कळायला वेळ लागला असावा. आभार मानणाऱ्यांनी पुन्हा एकदा चौदा मुद्द्यांचं भाषण केलं.

२ मे

हिशोब. झेरॉक्स २८०, पेट्रोल ४००, मार्कर ४०, फ्लेक्स ७२०. एकूण १४४० रुपये. मानधनाचं पाकीट ५०१ चं, शिवाय शाल आणि श्रीफळ. वेळ साधारण एक्केचाळीस तास, त्यातले एकोणीस १४ एप्रिलच्या आधीचे, म्हणजे प्रश्न सापडायच्या आधीचे. पुन्हा करायचं झालं तर सांगलीला जायच्या आधी कट्ट्यावर जाईन. फ्लेक्स दुकानामागच्या पत्र्यावर टाकलाय, पाऊस गळायचा तिथं.

पुतण्याला फोन करून २०० रुपयांचं सांगितलं. म्हणाला, "बरं."

५ मे

सकाळी ऐंशीच्या पुढचे एक बाबा काठी टेकत दुकानात आले. गुडघ्याचं तेल मागितलं, पैसे दिले आणि गेले नाहीत. मला वाटलं, कौतुक करायचं असेल.

"परवा बोललास चांगलं. पर तू म्हनालास, बाया टिकावानं खडी फोडायच्या."

म्हणालो होतो. कार्डावर नव्हतं, वीज आल्यावरच्या घाईत तोंडातून गेलं होतं.

"टिकाव मातीला रं. खडीला हातोडी. मोठा दगुड असला तर आदी घन." त्यांनी डाव्या हाताचा अंगठा काउंटरवर ठेवला. नखाच्या जागी अर्धं नख, तेही वाकडं. "ही बग. टिकावानं आसं हुतं का?"

तिसरं कार्ड काढलं, 'सुकडी'च्या आधी लाल मार्करनं 'हातोडी' लिहिलं. सहाचे सात शब्द झाले. राहू दे.